टर्बो लावायच्या आधी पेट्रोलची सोय बघा

टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) घरी आला की माणूस पहिलं काय करतो तर तो हॉलमधल्या टीपॉयवर ठेवतो आणि त्याचे फोटो काढतो. मी पण काढले होते. फ्युएल पंपाचे फोटो कोणी काढत नाही, आणि रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वायरचे तर नाहीच नाही, पण इंजिन जगणार की मरणार हे त्या वायरवर ठरतं हे मला बरंच नंतर कळलं. म्हणून ज्यांनी नुकतंच या भानगडीत पाय टाकलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय, टर्बो कुठला घ्यायचा, मॅनिफोल्ड कसा करायचा वगैरे यात काही नाही, फक्त टाकीपासून इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणारी नोझल) टोकापर्यंत पेट्रोल कसं पोचवायचं तेवढंच.

उदाहरण माझ्याच गाडीचं घेतो. जुनी होंडा सिटी 1.5 व्हीटेक, कंपनीतून 106 हॉर्सपॉवर. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) अर्धा बार, म्हणजे साधारण 7 पीएसआय, आणि टार्गेट 160 हॉर्सपॉवर. गाडी दुसरी असली तरी हिशोबाची पद्धत हीच, फक्त आकडे तुमचे टाका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी बोनेट उघडून बघतात. त्यामुळे ही ट्रॅकसाठीची गाडी समजा. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

आधी वही-पेन

अर्धा बार बूस्ट म्हणजे इंजिनात नेहमीच्या दीडपट हवा घुसणार (हवा गरम होते म्हणून थोडी कमी, पण ढोबळमानाने दीडपट). हवा दीडपट आली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), सिलेंडरमधलं तापमान चढतं, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं आणि पिस्टनवर रिंगांच्या मधली जी बारीक कड असते ती तुटते. हे व्हायला वर्ष लागत नाही, फुल बूस्टमध्ये काही सेकंद पुरतात. आणि गंमत अशी की लीन झालेली गाडी सुरुवातीला मस्त पळते, पिकअप जोरात वाटतो, त्यामुळे ड्रायव्हर खुश असतो आणि खाली पिस्टनचा जीव चाललेला असतो.

आता हिशोब. टर्बो पेट्रोल इंजिनाला फुल लोडवर एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण 0.27 किलो पेट्रोल लागतं, विना टर्बोच्या इंजिनाला 0.22 च्या आसपास. टर्बोवाल्याला जास्त का, तर आपण सिलेंडर थंड ठेवायला मुद्दाम थोडं जास्त पेट्रोल देतो. मग 160 गुणिले 0.27 म्हणजे तासाला 43 किलो, लिटरमध्ये साधारण 58, म्हणजे मिनिटाला 970 सीसी. चार इंजेक्टर, म्हणजे एकाला 243. पण इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, 80 टक्क्यांवर थांबायचं, म्हणून 243 भागिले 0.8, आले 304 सीसी.

80 टक्केच का? 7000 आरपीएमला इंजिनाची एक पूर्ण सायकल 17 मिलिसेकंदांत संपते. त्यात इंजेक्टरने उघडायचं, फवारायचं आणि बंद व्हायचं, आणि नुसतं उघडायलाच एक मिलिसेकंदाच्या आसपास जातो. 95 टक्क्यांना तो धड बंदच होत नाही, मग ईसीयूने (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) किती मागितलं आणि प्रत्यक्षात किती पडलं याचा मेळ बसत नाही.

त्यात आता पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल स्वतःसोबत ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे त्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलचं हवेशी आदर्श प्रमाण 14.7 ला एक, ई20 चं 13.5 च्या आसपास. म्हणजे सात-आठ टक्के अजून धरा. 304 चे झाले 328. माझ्यासारख्या डी-सिरीज इंजिनवाल्या होंडांचे मूळ इंजेक्टर 240 सीसीच्या आसपासचे असतात, म्हणजे ते बाद. बाजारात पुढचे साईज 360 आणि 440 मिळतात, मी 440 घेतले कारण उद्या बूस्ट वाढवायची खाज सुटणार हे मला माहीत होतं. पण उगाच 1000 सीसीचे घेऊ नका, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) त्यांना इतका कमी वेळ उघडावं लागतं की ट्यून (ईसीयूतल्या आकड्यांची जुळवणी) चांगला नसेल तर सिग्नलला गाडी डुचमळत उभी राहते.

पंप, आणि त्याच्याहून महत्त्वाची वायर

पंपाचा हिशोब सोपा. 58 लिटर अधिक ई20 चे धरून 63, त्याच्यावर 30 टक्के राखीव, म्हणजे तासाला 80-85 लिटर तरी हवेत, आणि ते तुमच्या प्रेशरला हवेत, मोकळ्या नळीला नाही. पंपाच्या डब्यावर लिहिलेला आकडा नेहमी ठराविक प्रेशर आणि व्होल्टेजचा असतो, प्रेशर वाढलं की फ्लो पडतो. वॉलब्रो कंपनीचा तासाला 255 लिटरचा पंप यासाठी जगभर लोक लावतात, आमच्या हिशोबाला तो भरपूर आहे. फक्त डुप्लिकेट प्रचंड आहेत. माझा पहिला पंप तसाच निघाला, ऑनलाईन अर्ध्या किमतीत मिळाला म्हणून उड्या मारत घेतला, तीन आठवड्यांत मिक्सरसारखा ओरडायला लागला. पैसे बुडाले ते बुडाले.

आता मुद्द्याची गोष्ट. दुसरा पंप खरा होता, बसवला, आणि तरी गेजवर प्रेशर डगमगत होतं. मी रेग्युलेटरला (पेट्रोलचं प्रेशर ठरलेलं ठेवणारा भाग) शिव्या देत बसलो. आमचे गॅरेजवाले काका चहा पिता पिता म्हणाले, "दादा, पंपाला करंट किती पोचतोय ते बघितलं का?" मी म्हटलं, "अहो काका, नवीन बॅटरी आहे." ते काही बोलले नाहीत, मल्टीमीटर आणून दिला. चार्जर लावून बॅटरीवर 13.4 व्होल्ट होते आणि पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना, 11.2. दोन व्होल्ट वीस वर्षं जुन्या बारीक वायरीत आणि काळ्या पडलेल्या टर्मिनलमध्ये गायब. मूळ पंप कमी करंट खायचा म्हणून चालून जात होतं, हा नवीन आठ-दहा अँपिअर ओढतो.

मग आम्ही फ्लो मोजला. रिटर्नची नळी (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी) काढून लोखंडी जेरीकॅनमध्ये सोडली, कॅन जमिनीवर ठेवलेला, इंजिन बंद, पंप 30 सेकंद चालवला. दीड लिटरला थोडं वर. म्हणजे तासाला 185 च्या आसपास. रिले टाकून थेट बॅटरीवरून वायर ओढली, परत 30 सेकंद, बरोब्बर दोन लिटर. तासाला 240. पंप तोच, रेग्युलेटर तोच, प्रेशर तेच. वायर, रिले, फ्यूज मिळून खर्च हजार रुपयांच्या आत.

वायरिंग असं करा. बॅटरीच्या प्लसवरून 4 स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावरच 20 अँपिअरचा फ्यूज (फ्यूज मागे पंपापाशी लावला तर मधे कुठे वायर घासली तर काहीच उपयोग नाही), मग 40 अँपिअरचा रिले, तिथून पंप. अर्थिंगची वायर पण तितकीच जाड, पत्र्याचा रंग खरवडून बोल्ट. आणि रिलेची कॉईल चालू करायला पंपाची मूळ वायर वापरा. काही लोक ती सरळ इग्निशनवर देतात, ते करू नका. ईसीयू चावी फिरवल्यावर पंप दोन सेकंद चालवून थांबवतो आणि इंजिन बंद पडलं की पंप बंद करतो, अपघात झाला, लाईन तुटली, इंजिन थांबलं, तरी तुमचा पंप पेट्रोल फवारत राहिला तर काय होईल ते मी लिहायला नको.

हात घालायच्या आधी

हे खरं तर वर लिहायला हवं होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि गॅरेजच्या पिटमध्ये साचते. त्यामुळे काम उघड्यावर, पिटवर नाही. टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल, म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरलं. मग बॅटरीचा मायनस काढा. तरीही पहिली नळी सोडवताना वर फडकं धरा, थोडं उडतंच. एबीसी पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, डिकीत सामानाखाली नाही. माझ्यासारखं चार्जर लावून मोजायचं असेल तर चिमटे नळी उघडायच्या आधी लावायचे आणि सगळं आवरल्यावरच काढायचे, चिमट्याची ठिणगी पुरेशी असते. आणि बघायला जमलेल्या मित्रांपैकी एकाच्या हातात सिगरेट असतेच असते, त्याला आधी हाकला.

पंप बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालच्या झाकणातून निघतो, काहींना टाकी उतरवावी लागते. झाकण उघडायच्या आधी भोवतीची धूळ ब्लोअरने नीट साफ करा, नाहीतर ती सगळी टाकीत जाते. पंपाखालची जाळी नवीनच टाका, जुनी धुऊन लावू नका. टाकीच्या आतली नळी ही वेगळी चीज आहे, बाहेरची चांगली नळीसुद्धा पेट्रोलात बुडवून ठेवली तर बाहेरच्या बाजूने फुगते आणि मऊ पडते. आत टाकायला 30आर10 (नळीच्या दर्जाचा छापील नंबर) लिहिलेली नळी लागते. ही महाग आहे, वीतभरच लागते, घ्या.

बाहेरच्या लाईनसाठी 30आर9. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली 30आर7 दुकानदार "तीच आहे ओ" म्हणून देतो, पण ती इंजेक्शनच्या प्रेशरसाठी नाही, आणि ई20 तिला हळूहळू खाते. मी नाना पेठेत तीन दुकानं फिरलो तेव्हा छापील नंबर असलेली मिळाली, नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. क्लॅम्प पण गोल पट्टीचे, इंजेक्शनवाले, जुबिली क्लिप (स्क्रूने आवळायची खाचांची पट्टी) नळीत रुतून रबर कापते. स्टीलची विणलेली लाईन, निळ्या-लाल फिटिंग वगैरे 160-200 हॉर्सपॉवरला लागत नाही, मूळ लोखंडी पाईप गंजलेला नसेल तर तो पुरतो. फिल्टर नवीन. बस.

रेग्युलेटर

याच्यावर लोक सगळ्यात जास्त गोंधळतात म्हणून जरा थांबून सांगतो. इंजेक्टरमधून किती पेट्रोल पडणार हे रेलमधल्या (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल देणारा पाईप) प्रेशरवर ठरत नाही, रेल आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा पाईप) यांच्या प्रेशरमधल्या फरकावर ठरतं. रेलमध्ये 3 बार आहेत आणि मॅनिफोल्डमध्ये अर्धा बार बूस्ट आला तर तो बूस्ट इंजेक्टरला उलटा ढकलतो, फरक राहतो अडीच बार. फ्लो हा फरकाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे जवळपास 9 टक्के पेट्रोल कमी, तेही ऐन गरजेच्या वेळी. म्हणून रेग्युलेटरला मॅनिफोल्डची बारीक नळी जोडलेली असते, बूस्ट अर्धा बार चढला की तो रेलचं प्रेशर पण अर्धा बार चढवतो, फरक कायम 3.

तपासायची रीत: गेज लावा, आयडलवर साधारण 2.4 दिसेल, कारण तिथे व्हॅक्यूम आहे. बारीक नळी काढून बोटाने बंद करा, 3 च्या आसपास यायला हवं. मोठा पंप टाकल्यावर तिथे साडेतीन, पावणेचार दिसत असेल तर मूळ रेग्युलेटरच्या छोट्या भोकातून किंवा रिटर्न लाईनमधून एवढं पेट्रोल परत जाऊ शकत नाहीये. मग अॅडजस्टेबल रेग्युलेटर घ्या. माझ्याकडे 3.5 येत होतं, मी बदलला. त्या बारीक नळीला दोन्हीकडे टाय लावा, बूस्टमध्ये ती निसटली की प्रेशर वाढायचं थांबतं आणि वर ती बाहेर हवा सोडत बसते. आणि ती सरळ मॅनिफोल्डवरून घ्या, पाच ठिकाणी फाटे फोडून नाही.

नवीन गाड्यांना बऱ्याचदा रिटर्न लाईनच नसते, रेग्युलेटर टाकीत असतो आणि त्याला मॅनिफोल्डचं काही कळत नाही. तिथे एकतर बूस्टचा फरक ईसीयूच्या हिशोबात धरतात किंवा रिटर्न लाईन नवीन ओढतात. पहिलीच गाडी असेल तर जुनी, रिटर्नवाली घ्या, डोकं कमी पिकतं.

अजून एक जुनी युक्ती ऐकायला मिळेल, मूळ इंजेक्टरच ठेवायचे आणि एका बार बूस्टला दहा-बारा बार प्रेशर चढवणारा रेग्युलेटर लावायचा. नको. प्रेशर 3 चं 4 केलं तरी पेट्रोल फक्त 15 टक्के वाढतं, आणि तेवढ्या प्रेशरला पंप धापा टाकतो, नळ्या गळतात.

इंजेक्टर बसवणं

आधी मल्टीमीटरने रेझिस्टन्स बघा. 12 ते 16 ओहम म्हणजे हाय इम्पीडन्स, 2-4 म्हणजे लो. ईसीयू हाय वाल्यांसाठीचा असेल आणि तुम्ही लो वाले विना रेझिस्टर लावले तर ईसीयूतला ड्रायव्हर जळतो. सेट घेताना चौघांचा फ्लो सारखा आहे याचा कागद आणि व्होल्टेजप्रमाणे उघडायच्या वेळेचा तक्ता मागा. तो तक्ता नसेल तर ट्यूनर अंदाजाने आकडे टाकतो.

ओ-रिंग नवीन, हातानेच थोडं साधं इंजिन ऑईल लावून बसवायच्या. रेल दाबून बोल्ट आवळल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी थोडा फिरतो का बघा. फिरत नसेल तर ओ-रिंग चिमटली. माझी तिसऱ्याची चिमटली होती, कळली कधी तर टिश्यू पेपर फिरवला तेव्हा. ही टिश्यूची टेस्ट प्रत्येकाने करायची: चावी ऑन, पंपाचे दोन सेकंद, ऑफ, असं चार-पाच वेळा करून प्रेशर भरा, मग प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा टिश्यूवर लगेच दिसतो. स्टार्टर याच्यानंतरच मारायचा.

पहिला स्टार्ट आणि ट्यून

440 चे इंजेक्टर लावून जुन्याच मॅपवर (ईसीयूतला पेट्रोलच्या आकड्यांचा तक्ता) गाडी चालू करू नका, जवळपास दुप्पट पेट्रोल पडतं, प्लग भिजतात आणि सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन खाली जातं. मूळ ईसीयूला बूस्ट म्हणजे काय हे शिकवलेलंच नाही, त्यामुळे स्टँडअलोन (आकडे आपल्याला टाकता येतात असा वेगळा ईसीयू) लागतो, बजेट कमी असेल तर स्पीडुइनो सारखा ओपन सोर्स पण चालतो, फक्त सोल्डरिंग आणि धीर दोन्ही हवं. सुरुवातीला जुन्या मॅपचे पेट्रोलचे आकडे 240 भागिले 440, म्हणजे 0.55 ने गुणा, गाडी चालू तरी होईल. डिपस्टिक हुंगा, ऑईलला पेट्रोलचा वास आला तर ऑईल बदला, कंजूषपणा नको.

वाईडबँड सेन्सरशिवाय (एक्झॉस्टमध्ये बसून मिक्श्चर मोजणारा) यातलं काहीही करू नका. आणि गेजवर लॅम्डा (1 म्हणजे आदर्श मिक्श्चर, 1 च्या खाली पेट्रोल जास्त, वर म्हणजे लीन) लावा, 14.7 वाले आकडे नको, कारण ई20 ने ते आकडे हलतात, लॅम्डा 1 मात्र कुठल्याही इंधनाला 1 च. आयडल आणि क्रूझला 1, फुल बूस्टमध्ये 0.78 ते 0.82. आधी आयडल, मग हळू चालवून बिनाबूस्टचा भाग, आणि बूस्ट डायनोवर (गाडी जागेवरच पळवून पॉवर मोजणारं मशीन), वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) स्प्रिंगवर जेवढा येतो तेवढ्याच बूस्टला. ईसीयूमध्ये एक कट टाकून ठेवा: बूस्ट आहे आणि लॅम्डा 0.9 च्या वर गेला तर ईसीयूने इंजिनाची ताकद लगेच बंद करायची. हा कट मला एकदा वाचवून गेला. ताम्हिणी घाटात, टाकी जेमतेम पाव, लांब वळणावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकलं, पंपाने हवा ओढली, लॅम्डा 0.8 वरून 1 च्या पुढे गेला आणि गाडीने झटका देऊन दम सोडला. बायको म्हणाली, "बिघडली ना परत?" मी म्हटलं, नाही, पहिल्यांदाच नीट वागली. (रस्त्यावर मी तेव्हा बूस्ट द्यायलाच नको होता, हे तिने पण सांगितलं.) तेव्हापासून टाकी अर्ध्याच्या खाली उतरू देत नाही. ट्रॅकवर सारखं होत असेल तर छोटी सर्ज टँक (पंपाला हवा लागू न देणारी जादा टाकी) लावतात.

ज्या पेट्रोलवर ट्यून केलं तेच भरायचं. इंडियन ऑइलच्या एक्सपी100 सारखं जास्त ऑक्टेनचं (सहज नॉक न होणारं) पेट्रोल ठराविक पंपांवरच मिळतं, त्याच्यावर इग्निशन ताणून (स्पार्क लवकर देऊन) ठेवलं आणि गावाकडे जाताना साधं भरलं तर नॉकिंग ठरलेलं. मी साध्यावरच ट्यून केलंय, चार-पाच हॉर्सपॉवर गेले असतील. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी फुल ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, रिकाम्या जागेत दमट हवा जितकी कमी तितकं बरं.

500 किलोमीटर झाले की सगळे क्लॅम्प पुन्हा बघा, रिले हाताला चटका देतोय का बघा, आणि जुना फिल्टर काढून नवीन टाका. तो जुना फेकू नका, करवतीने कापून आत बघा. माझ्यात टाकीचा गंज निघाला, चहाच्या गाळासारखा, चमचाभर. पुढच्या रविवारी टाकी उतरवतोय.